विश्वास कमी पडला म्हणून आजार बरा होत नाही का?

पत्र अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका वाचक भगिनीचं आहे. वय 43. नवऱ्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या असून दोन वर्षांपासून आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू आहे. घरात सासूबाई आणि दहावीतली मुलगी. भगिनी चर्चच्या गायनवृंदात गातात आणि संडे स्कूलमध्ये शिकवतात. सुरुवातीला मंडळीने साखळी प्रार्थना केली, उपास केले. गुण आला नाही, तसा लोकांचा सूर बदलला. ‘घरात कोणाचा तरी विश्वास कमी पडतोय’ हे वाक्य आधी आडून आणि मग तोंडावर ऐकू येऊ लागलं. एका बाईंनी तर ‘नासरेथात अविश्वासामुळे येशूलासुद्धा चमत्कार करता आले नाहीत’ हे वचनच वाचून दाखवलं. आता पंधरा दिवसांनी दुसऱ्या शहरात तीन दिवसांची आरोग्यदान सभा आहे. नवऱ्याला तिथे जायचंय आणि त्या दिवसांतलं डायलिसिस चुकवायचंय, कारण ‘मशिनवर बसलो तर देवावर भरवसा कुठे राहिला?’ किडनी प्रत्यारोपणासाठी नाव नोंदवायलाही त्यांची ना आहे. सभेच्या ओळखीतल्या एकाने 15 हजारांचं ‘विश्वासाचं बी’ पेरायला, म्हणजे बरं होण्याच्या आशेने देणगी द्यायला सांगितलंय. भगिनींना हे पटत नाही, पण विरोध केला आणि काही बरंवाईट झालं तर दोष आपल्याच अविश्वासाला लागेल, ही भीती आहे. शिवाय त्यांना स्वतःला प्रार्थना जमेनाशी झाली आहे. डोळे मिटले की राग येतो. म्हणून त्यांनी प्रभुभोजन, म्हणजे चर्चमधली भाकर आणि द्राक्षारस, घेणं थांबवलंय. मागच्या महिन्यात संडे स्कूलमधल्या एका मुलाने विचारलं, ‘टीचर, आपण काकांसाठी दर रविवारी प्रार्थना करतो, मग देव ऐकत का नाही?’ भगिनी वर्गातून उठून बाहेर गेल्या. आता संडे स्कूल सोडावं का, असं विचारतात. ‘मी ढोंगी आहे का?’ हा त्यांचा शेवटचा प्रश्न.

ताई, सलाम.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येतेच. पण आधी डायलिसिसचं, कारण बाकी सगळं थांबू शकतं आणि हे थांबू शकत नाही.

तीन दिवसांची सभा, त्यात जाण्यायेण्याचा वेळ, म्हणजे तुमच्या मिस्टरांची डायलिसिसची एक पाळी नक्की चुकेल आणि कदाचित दोन. दोन वर्षं तुम्ही हे जवळून बघताय, त्यामुळे पाळी चुकली की काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. अंगात पाणी साठतं, ते छातीत उतरतं, आडवं झालं की दम लागतो. रक्तातलं पोटॅशियम चढतं आणि त्याचा परिणाम थेट हृदयाच्या ठोक्यांवर होतो, कधीकधी आधी काहीही न जाणवता. तेव्हा ‘चुकवलं तर बघू’ असं म्हणायची ही गोष्ट नाही. याबाबतीत तुमचा विरोध बरोबर आहे आणि तो अविश्वासातून आलेला नाही.

उलट मिस्टरांच्या युक्तिवादाला उत्तर पवित्र शास्त्रातच आहे, आणि तेही खुद्द येशूच्या तोंडून. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात सैतान त्याला मंदिराच्या शिखरावर उभं करतो आणि सांगतो, उडी टाक, देवदूत तुला झेलतील. पाठोपाठ स्तोत्र 91 मधलं वचनही ऐकवतो. म्हणजे वचन खरं होतं, देवाचं सामर्थ्य खरं होतं, तरी येशूने उडी टाकली नाही. देवाची परीक्षा पाहायची नाही, असं तो म्हणाला. समोर जिना असताना शिखरावरून उडी टाकणं याला त्याने भरवसा म्हटलं नाही. वचन म्हणून दाखवणारा प्रत्येक जण देवाच्या बाजूने बोलत असतो असं नाही, हेही त्या प्रसंगात दिसतं. ते जरा लक्षात असू द्या, पुढे नासरेथच्या वचनाकडे वळताना उपयोगी पडेल.

औषधाला शास्त्राचा विरोध आहे, हे तर मला कुठेच सापडलेलं नाही. हिज्कीया राजा मरायला टेकला होता, त्याने रडून प्रार्थना केली, देवाने ती ऐकली, आयुष्याची पंधरा वर्षं वाढवून दिली, आणि त्यानंतर यशया संदेष्ट्याने काय सांगितलं? गळवावर अंजिरांचं पोटीस बांधा. प्रार्थना ऐकली गेल्यावरही पोटीस लागलंच. प्रेषित पौलाने लूकला ‘प्रिय वैद्य’ म्हटलंय. आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला तो पोटाच्या तक्रारीसाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो, ‘तुझा विश्वास वाढव’ असं सांगत नाही. आणि त्रफिम आजारी असल्यामुळे त्याला मिलेत इथे ठेवून यावं लागलं, असंही पौलाने लिहून ठेवलंय. ज्याच्या हातून लोक बरे झाले त्याचाच सोबती आजारी राहिला. सभांमध्ये त्रफिमचं नाव घेताना मी कोणाला ऐकलेलं नाही.

आता व्यवहाराचं. सभेला जाऊच नका, असं मी म्हणणार नाही. त्यांना जायचंय तर जाऊ द्या, पण त्या शहरात डायलिसिसची पाळी आधी ठरवून. बाहेरगावी जाणाऱ्या पेशंटसाठी अशी सोय बऱ्याच सेंटरमध्ये होते. तुमच्या सेंटरमधल्या टेक्निशियनला किंवा सिस्टरला विचारा. साधारणपणे एचआयव्ही, हेपॅटायटिस बी आणि सी यांचे ताजे रिपोर्ट, मागच्या काही पाळ्यांचे चार्ट, ड्राय वेट (जादा पाणी काढल्यावरचं वजन) आणि डॉक्टरांची चिठ्ठी मागतात. काही ठिकाणी जागा लगेच मिळत नाही. इथे महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून डायलिसिस होत असेल, तर तिथलं हॉस्पिटल योजनेत आहे का आणि मधली एक पाळी तिकडे बसते का, हे आधीच विचारून ठेवा. नाहीतर तिथे गेल्यावर पैशांचा घोळ आणि त्यावरून पुन्हा ‘राहू दे, देव बघेल’.

मिस्टरांशी बोलताना वचनाला वचनाने उत्तर देत बसू नका. घराघरात असे सामने मी पाहिलेत, जिंकणारा कोणीच नसतो. एवढंच म्हणा, ‘सभेला आपण दोघं जाऊ. प्रार्थना करून घेऊ. देवाने बरं केलं तर ते पुढच्या रिपोर्टमध्ये दिसेलच, आणि मशीन काढायचं ते डॉक्टर काढतील. तोवर पाळी चुकणार नाही.’ येशूने बऱ्या केलेल्या कुष्ठरोग्यालासुद्धा ‘जा, स्वतःला याजकाला दाखव’ असं सांगितलं होतं, म्हणजे त्या काळच्या पद्धतीने तपासणी करून घे. बरं झाल्याची खात्री करून घेण्यात देवाचा अपमान नाही.

पण मला तुमच्या पत्रातली एक ओळ जास्त टोचली. तुम्ही सहज लिहून गेलात की पूर्वी ते डायलिसिसहून आल्यावर बाहेर ओट्यावर बसायचे, येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलायचे, आणि आता भिंतीकडे तोंड करून झोपतात. पाण्याचा स्टीलचा पेला त्यांचा ते स्वतः मोजून भरायचे, आता तुम्हाला भरावा लागतो. हाताच्या फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिससाठी रक्तवाहिन्या जोडलेल्या जागेवर, बोट ठेवून थरथर लागते का ते रोज सकाळी बघायचे, तेही सोडलंय. ताई, हे सगळं एकत्र वाचल्यावर मला वाटतं की ‘मशिनवर बसलो तर भरवसा कुठे राहिला’ या वाक्यामागे कदाचित वेगळंच वाक्य असेल. मी दमलोय. मला आता हे नको. ख्रिस्ती माणसाला, त्यातून घरातल्या कर्त्या पुरुषाला, हे सरळ म्हणता येत नाही. मग ते विश्वासाच्या भाषेत बाहेर येतं, कारण त्या भाषेला मंडळीत मान आहे. डायलिसिसच्या पेशंटमध्ये नैराश्य बरंच आढळतं आणि त्यावर उपचार आहेत. माझा अंदाज चुकीचाही असेल. पण पुढच्या भेटीत डॉक्टरांना हे तीन बदल सांगा, मिस्टरांसमोर नाही तर आधी एकटीने. आणि एखाद्या संध्याकाळी मिस्टरांना विचारा, ‘तुम्हाला कंटाळा आलाय का या सगळ्याचा?’ ते हो म्हणाले तर लगेच धीर द्यायला जाऊ नका. ऐका फक्त. फोनवर बोलायचं असेल तर टेली मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक आहे, मराठीतून बोलता येतं, पैसे पडत नाहीत. तो तुमच्यासाठीही आहे.

म्हणजे घरात गंमत अशी झाली आहे (गंमत हा शब्द चुकीचा, पण दुसरा सुचत नाही) की ज्यांना शंका नाही ते आतून हरत चाललेत, आणि जिला शंका आहे ती रोज उठून डबा भरतेय, गाडी बघतेय, वजन लिहून ठेवतेय. विश्वास कोणाचा कमी, हे मंडळी कशावरून ठरवते?

आता नासरेथ, येशूचं स्वतःचं गाव. मार्कच्या सहाव्या अध्यायातलं ते वचन आहे खरं, मी नाकारत नाही. पण नासरेथकर कोण होते? ‘हा सुतार ना, मरियेचा मुलगा’ असं म्हणून नाक मुरडणारे गावकरी. नवऱ्याच्या उशाशी रात्र काढणाऱ्या बाईला त्यांच्या रांगेत बसवणं हा वचनाशी खेळ आहे. शिवाय त्याच ठिकाणी पुढे लिहिलंय की थोड्या रोग्यांवर हात ठेवून त्याने त्यांना बरं केलं. आणि मार्काचंच शुभवर्तमान तीन अध्याय पुढे नेऊन वाचलं तर तिथे एक बाप भेटतो. मुलाला लहानपणापासून झटके येतात, शिष्यांनाही काही करता आलेलं नाही. तो येशूला म्हणतो, ‘माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका.’ एकाच दमात दोन्ही. येशूने त्याला आधी अविश्वास संपवून ये म्हणून परत पाठवलं नाही. मुलगा बरा झाला. त्या बाईंनी तुम्हाला सहावा अध्याय वाचून दाखवला, नववा नाही.

दुसरी बाजूही सांगते, नाहीतर मीही सोयीचं तेवढंच वाचतेय असं होईल. काही जण बरे होत नाहीत. इब्री लोकांस पत्राचा अकरावा अध्याय आपल्याकडे फार आवडीचा. विश्वासाने तट पडले, विश्वासाने सिंहांची तोंडं बंद झाली. उपदेश साधारण इथे संपतो. पण अध्याय संपत नाही. पुढच्याच वचनांत विश्वासानेच काहींनी चाबकाचा मार खाल्ला, काहींना करवतीने चिरलं, काही मेंढरांची कातडी पांघरून रानोमाळ भटकले. या सगळ्यांविषयी विश्वासाबद्दल चांगली साक्ष दिली गेली, तरी वचन दिलेलं त्यांना मिळालं नाही, असं लेखक स्पष्ट लिहितो. म्हणजे सुटलेले आणि न सुटलेले, दोघं एकाच यादीत आहेत.

तुमच्या मंडळीत जो हिशेब चालू आहे तो पतपेढीचा आहे. इतका विश्वास तारण ठेवा, इतकं आरोग्य कर्जाऊ मिळेल, नाही मिळालं तर तारण कमी पडलं. हा हिशेब नवा नाही. निर्दोष असूनही दुखण्यात बुडालेल्या ईयोबाचे मित्र हेच सांगत होते, ‘तुझं काहीतरी चुकलं असणार.’ जन्मांध माणूस दिसल्यावर शिष्यांनीही हेच विचारलं, पाप कोणी केलं, याने की याच्या आईबापांनी? येशूने दोघांनाही मोकळं केलं. आणि ईयोबाच्या गोष्टीच्या शेवटी देवाचा राग कोणावर पेटतो, तर त्या शहाण्या मित्रांवर. देवाला कोर्टात खेचायची भाषा करणारा ईयोब माझ्याविषयी यथार्थ बोलला, असं देव म्हणतो, आणि मित्रांसाठी प्रार्थना करायचं काम त्यालाच देतो.

यातून तुमच्या रागाकडे वळू. डोळे मिटले की राग येतो आणि म्हणून प्रार्थना होत नाही, असं तुम्ही लिहिलंय. राग ही प्रार्थनाच आहे, असं मला म्हणायचंय. स्तोत्रसंहिता काढा. तेवीसावं नको, ते सध्या राहू द्या. तेरावं काढा. सुरुवातच ‘कोठवर?’ अशी आहे, देवाला धारेवर धरून. मग अठ्ठ्याऐंशीवं वाचा. बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटी कुठेतरी उजेडाकडे वळतात. हे वळत नाही. अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं. कोणीतरी ते लिहिलं आणि उपासनेच्या पुस्तकात ते तसंच ठेवलं गेलं, शेवटी ‘पण देव चांगला आहे’ अशी ओळ जोडायची गरज कोणाला वाटली नाही. वधस्तंभावर येशूच्या तोंडी आलं तेही स्तोत्रच, बावीसावं. ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ तो ढोंगी होता का?

तुम्ही देवाशी बोलणं बंद केलं नाहीये. गोड बोलणं बंद केलंय. महिनाभर सकाळी एवढंच करा, एक विलापस्तोत्र मोठ्याने वाचा आणि उठा. स्वतःचे शब्द जोडू नका. नवऱ्याच्या आरोग्यासाठीची रोजची प्रार्थना मंडळीतल्या दुसऱ्या कोणाला तरी वाटून द्या, एखाद्या अशा बाईला जी प्रश्न विचारणार नाही. छप्पर उसकटून पक्षाघाती माणसाला खाली सोडणारे चौघे आठवतात ना? येशूने ‘त्यांचा विश्वास’ पाहिला असं लिहिलंय. खाटेवरच्याने त्या दिवशी काय विश्वास धरला होता, ते कोणी नोंदवलेलं नाही.

प्रभुभोजन मात्र सोडू नका. अयोग्य रीतीने घेतलं तर दंड, हे वचन तुमच्या मनात आहे हे उघड आहे. पण करिंथच्या मंडळीला पौल ते का लिहितो? तिथले खाऊनपिऊन सुखी लोक आधीच जेवून घेत, आणि गरीब भुकेले राहत. त्या वागण्यावर तो रागावलाय. शंका असलेल्या बाईला भाकरीपासून लांब ठेवायला ते लिहिलेलं नाही. मत्तयाच्या शेवटच्या अध्यायात अकरा शिष्य पुनरुत्थित प्रभूला नमन करतात, आणि लगेच पुढे, काहींना संशय आला असं आहे. येशू संशयितांना बाजूला काढत नाही. अकराच्या अकरांना जगभर पाठवतो.

आपल्याच मातीतलं सांगायचं तर पंडिता रमाबाईंकडे बघा. दुष्काळात आई, वडील, बहीण गेली, मग भाऊ, मग लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच नवरा. 1883 मध्ये त्यांनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, पण धर्मसिद्धांतांवरून तिथल्या मठातल्या सिस्टरांशी त्यांचे पत्रांतून चांगलेच खटके उडत होते. बाप्तिस्म्यानंतर साधारण आठ वर्षांनी त्यांनी स्वतःच लिहिलंय की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नाही. म्हणजे त्या आठ वर्षांतल्या रमाबाई कच्च्या होत्या म्हणावं, तर मुंबईत विधवांसाठीचं शारदा सदन याच काळात, 1889 मध्ये उभं राहिलं. आणि निराधार बायका-मुलींना आसरा देणारं केडगावचं मुक्ती मिशन भरात असताना 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. पुढच्या वर्षी रमाबाई गेल्या. तोवर बायबलच्या मराठी भाषांतराचं काम त्यांनी खाली ठेवलं नव्हतं. या बाईंचा विश्वास कमी पडला, असं म्हणायची कोणाची हिंमत आहे?

आणि नवरा-बायकोचा विश्वास एका चालीने चालत नाही म्हणून वाईट वाटत असेल, तर टिळकांचं घर आठवा. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा, त्यांच्या पत्नी, लक्ष्मीबाईंचा 1900 चा. मधली वर्षं ताटातुटीची, रडारडीची. लक्ष्मीबाई नवऱ्याच्या ओढीने आल्या, पण विश्वासाकडे आल्या त्या स्वतःच्या पायांनी. मिस्टरांच्या खात्रीएवढी खात्री तुमच्यात आजच्या आज यायला हवी, असं कुठे आहे?

संडे स्कूल. दमलात म्हणून सोडत असाल तर जरूर सोडा, दोन-तीन महिने दुसऱ्या कोणाकडे द्या, तो तुमचा हक्क आहे. ढोंगी वाटतं म्हणून सोडत असाल तर नका सोडू. त्या मुलाने विचारलेला प्रश्न हबक्कूक संदेष्ट्याचा आहे, पहिल्याच अध्यायातला, किती वेळ ओरडू आणि तू ऐकणार नाहीस? मुलांना सांगा, ‘मलाही कळत नाही. मीही देवाला हेच विचारते. बायबलमधल्या माणसांनीही विचारलंय.’ आणि हबक्कूक वाचून दाखवा. वर्गातल्या कुठल्या तरी पोराच्या घरी वडील पीत असतील, कुठे कर्जाची कटकट असेल. त्यांना पुढे आयुष्यभर लागणारी गोष्ट तुमच्याकडून मिळेल, फ्लॅनेलग्राफच्या कापडी फळ्यावर चित्रं चिकटवून मिळत नाही ती.

पैशाबद्दल एका वाक्यात, 15 हजार देऊ नका. आरोग्याच्या बदल्यात रक्कम सांगणारा कोणीही असो, त्याला पेत्राने शिमोन जादूगाराला दिलेलं उत्तर लागू पडतं. प्रेषितांची कृत्ये, अध्याय आठवा. सावकाश वाचा, मजा येईल.

वाटच बघायची तर प्रत्यारोपणाच्या यादीत राहूनही देवाची वाट बघता येते. मृत दात्याकडून किडनी मिळण्यासाठी आपल्या भागातली नोंदणी पुण्याच्या झेडटीसीसी या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे, तिथल्या मान्यताप्राप्त हॉस्पिटलमार्फत होते. नाव नोंदवलं म्हणजे उद्याच ऑपरेशन असं नसतं, थांबावं लागतं, म्हणूनच उशीर नको. जवळच्या नात्यातलं कोणी द्यायला तयार असेल तर कायद्याने पती-पत्नी, आईवडील, भावंडं, मुलं यांना चालतं. मात्र ‘खरं प्रेम असेल तर बायकोने द्यावी’ असा नवा सूर मंडळीत उठला, तर त्याला बळी पडू नका. तो निर्णय तपासण्यांनंतर, तुमचा, आणि कोणाच्याही दबावाशिवाय व्हायचा.

मंडळीतल्या ज्यांच्या घरी असं दुखणं नाही त्यांनाही दोन शब्द. ईयोबाचे मित्र पहिले सात दिवस उत्तम होते, त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून राहिले. तोंड उघडलं तिथे बिघडलं. डायलिसिसची एक पाळी साधारण चार तासांची असते. महिन्यातून एकदा जरी कोणी त्या माणसाला घेऊन गेलं, चार तास बसलं आणि बायकोला घरी झोपू दिलं, तरी पुष्कळ झालं. फळं नेणार असाल तर आधी विचारा, केळी आणि शहाळं या पेशंटना बहुधा चालत नाही. आणि ‘झेपेल तेवढंच देव देतो’ हे वाक्य नेऊ नका. ते बायबलमध्ये नाही. करिंथकरांस पहिल्या पत्रात जे आहे ते परीक्षेबद्दल, मोहाबद्दल आहे, किडनीबद्दल नाही.

ताई, तुमच्या पाळकांचा उल्लेख पत्रात एकदाच आलाय, ‘ते चांगले आहेत पण त्यांना काही सांगितलेलं नाही’ असा. सांगा. याकोबाच्या पत्रात आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी असं आहे, त्यासाठी दुसऱ्या शहरात जावं लागत नाही. पाळकसाहेबांना सभेच्या आधी घरी बोलवा, मिस्टरांच्या डोक्याला तेल लावून प्रार्थना करू द्या, आणि डायलिसिसची पाळी चुकवू नका हे त्यांच्या तोंडून येऊ द्या. तुमच्यापेक्षा त्यांचं ऐकलं जाईल, नवरे असेच असतात. मंडळीत बोट दाखवणाऱ्यांनाही ते वेदीवरून चार गोष्टी सांगू शकतात, तुमचं नाव न घेता.

सभेला पंधरा दिवस आहेत. त्या शहरातल्या सेंटरला फोन उद्या सकाळीच करा, रिपोर्ट जुने असतील तर नवे यायला दोन-तीन दिवस जातात.